घरात कोण कोण राहतं

अर्ज कसा भरावा, हे मला कुणी शिकवू नये.
एरी शहरात, काउंटीच्या मदत कचेरीत,
चार नंबरच्या काचेमागे बसून
अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासते:
हीटिंगच्या बिलाचे, अन्नाच्या कार्डाचे,
सही राहिलेले, तारीख चुकलेले,
कॉफी सांडलेले.

आणि आता रात्री साडेदहाला
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
माझाच एक, अर्धा भरलेला.
समाजशास्त्र. डॉक्टरेट. सहा विद्यापीठं.
वयाचा रकाना नाही,
पण पदवीच्या सालावरून
वजाबाकी कुणालाही येते.

उद्देश लिहा, पाचशे शब्दांत.
‘लहानपणापासून मला माणसांविषयी कुतूहल’
असं लिहिलं आणि खोडलं.
लहानपणी मला कुतूहल होतं
फक्त शेजारच्या कोवालिकांच्या रंगीत टीव्हीचं.

मग जे पाहिलंय ते लिहिलं:
उत्पन्न विचारलं की पुरुष आवाज खाली आणतात.
बायका नाही. बायका आकडा सांगतात सेंटसकट,
भाजीचा भाव सांगावा तसा.
त्यांचा आवाज उतरतो पुढच्या प्रश्नाला:
घरात कोण कोण राहतं?
तिथे मिसेस ड्रेशर पर्स उघडते, बंद करते.
तिथे दिलमाया, नेपाळातल्या छावणीतून आलेली,
बोटं मोजता मोजता एका बोटापाशी थांबते
आणि ते दुमडते.
असं का होतं, मला ठाऊक नाही.
हाच माझा प्रश्न.
झाले एकशे नव्वद शब्द.
उरलेल्या तीनशे दहांत
मला ठाऊक असल्याचं दाखवायचं आहे.

शिफारसपत्रं तीन.
प्रोफेसर ऑस्ट्रँडर निवृत्त होऊन मधमाश्या पाळतात,
त्यांच्या होकारासोबत मधाची बाटली आली.
‘तू मागे बसून टिपणं काढायचीस,
माझ्या व्याख्यानाची नाही, वर्गाची.’
दुसऱ्या बाईंनी मला भलतीच कुणी समजून
इतकं छान लिहायचं कबूल केलं
की मी चूक सुधारली नाही.
तिसरं पत्र आमच्या साहेबीणबाईंचं.
त्या ‘वक्तशीर’ म्हणतील.

फी प्रत्येकी नव्वद डॉलर.
माफी हवी असल्यास वेगळा फॉर्म.
उघडला तर हसूच आलं, सगळे ओळखीचे रकाने.
उत्पन्न: भरलं, सेंटसकट.
घरात कोण कोण राहतं:
आई.
मी.
आणि कॅझ, माझा भाऊ,
ऑक्टोबरपासून सोफ्यावर झोपणारा,
ज्याचं टपाल अजून बायकोच्या पत्त्यावर जातं.
त्याला धरलं तर माणसं तीन, माफी मिळते.
त्याला धरलं तर तो इथे राहतो.
कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेरच्या खोलीत तो खोकला, कूस बदलली.
मी ते बोट दुमडलं.

माणसं दोन. उत्पन्न मर्यादेहून
दोनशे बारा डॉलरनी जास्त.
‘नियमानुसार आपण पात्र नाही.’
वाक्य माझंच. रोज दोन-तीनदा म्हणते,
शेवटी ‘सॉरी हं’ जोडून.
यांनी तेवढंही जोडलं नाही.

सहाची तीन केली.
कोणती तीन गाळायची,
ते आईनं जेवताना नाणं उडवून ठरवलं होतं,
गंमत म्हणून.

अकरा बावन्नला बटण दाबलं.
‘अर्ज मिळाला. निर्णयाला वेळ लागेल.
कृपया फोन करू नये.’
अशीच पाटी माझ्या काचेवर आहे,
एका कोपऱ्यातली टेप सुटलेली.

सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता.
‘एवढ्या रात्री काय करतेस?’ कॅझनं अंधारातून विचारलं.
फॉर्म भरतेय, म्हटलं.
‘कुणाचा?’
‘मध आलाय,’ मी म्हटलं,
‘चहात घालू का?’